मॉइसनाइटला ‘नकली हिरा’ म्हणू नये

आपल्याकडे प्रसिद्ध झालेल्या लेखात मॉइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या खड्याला सरसकट ‘नकली हिरा’ म्हटले आहे, ते मला पटले नाही. सिलिकॉन कार्बाइडचे हे स्वतंत्र खनिज आंरी म्वासाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला १८९३ मध्ये अ‍ॅरिझोनातील उल्काविवराच्या नमुन्यांत सापडले. दागिन्यांतले खडे मात्र प्रयोगशाळेत तयार होतात.

मुलाच्या साखरपुड्याची अंगठी घेताना आम्ही ठाण्यात, नौपाड्यातील एका सराफाकडे दोन्ही खडे शेजारी ठेवून भिंगातून पाहिले. जरा तिरके धरले की मॉइसनाइटच्या मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्याच्या एकेरीच राहतात. दिव्याखाली मॉइसनाइट अधिक रंगीत ठिणग्या फेकतो, कारण त्याचे अपस्करण, म्हणजे प्रकाश रंगांत फोडण्याची क्षमता, ०.१०४ आहे आणि हिऱ्याचे ०.०४४. काही जणांना हा झगमगाट भडक वाटतो. होणाऱ्या सुनेला तोच आवडला. खनिजांचे काठिण्य मोजणाऱ्या मोह्स मापावर (हिरा दहा) ते सव्वानऊ असल्याने रोजच्या वापराचीही चिंता नव्हती.

लेखात एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली आहे. केवळ उष्णतावहनावर चालणारे साधे तपासणी यंत्र मॉइसनाइटलाही हिरा ठरवू शकते, म्हणून विद्युतवाहकताही मोजणाऱ्या यंत्राचा आग्रह धरावा. दुसऱ्या एका दुकानात आम्हांला फक्त पहिलेच यंत्र दाखवून निश्चिंत राहा असे सांगण्यात आले, याचा मला आजही राग येतो. आम्ही पावतीवर ‘मॉइसनाइट’ असे स्पष्ट लिहून घेतले आणि विहीणबाईंनाही ते साखरपुड्याआधीच सांगितले.