हिरो मेलेली सीडी

सोमवारी सकाळी कोल्हापुरात मिरजकर तिकटीला चहाच्या गाडीवर मी अजून कप हातात घेतला नव्हता, तोवर गाडीवाला म्हणाला, "काय सर, हिरो मेलेली सीडी आणली म्हणं घरात?"

शेजारचे तिघं हसले. त्यातल्या एकाला तर मी ओळखतही नव्हतो. तोच म्हणाला, "तीस रुपयांत काय जित्ता हिरो देत्यात व्हय?"

म्हणजे किंमतसुद्धा तिकटीपर्यंत पोचली होती.

बातमी कुणी फोडली हे विचारायची गरज नव्हती. बायकोचे मामा शनिवारपासून आमच्याकडं मुक्कामाला होते आणि सकाळी सहाला फिरायला म्हणून बाहेर पडले होते. मामा फिरत नाहीत. ते कट्टा बघून बसतात.

झालं होतं ते एवढंच. लक्ष्मीपुरीत धान्य आणायला गेलो असताना रस्त्याकडेला जुन्या डीव्हीड्यांचा ढीग दिसला आणि त्यात 'एक्झिक्युटिव्ह डिसिजन' सापडला. १९९६ चा पिक्चर, कर्ट रसेल आणि स्टीव्हन सीगल. अथेन्सहून वॉशिंग्टनला निघालेलं जम्बो जेट अतिरेकी पळवतात, आत विषारी वायूचा बॉम्ब असतो, आणि कमांडोंची तुकडी दुसऱ्या विमानातून, उडता उडताच, त्या जम्बोच्या पोटात शिरते. पोरगा म्हणाला, "पप्पा, मोबाईलवर बघा की." मोबाईलवर मी वीजबिल बघतो. पिक्चर बघायला पाय पसरायला जागा लागते.

शिवाय या पिक्चरचं आणि माझं जुनं येणं होतं. १९९७ च्या गणपतीत गल्लीनं वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हीसीआर आणला होता. पहिल्या दोन कॅसेटी बायाबापड्यांच्या, तिसरी आम्हा पोरांची. रात्री दोनला ती लागली. खालचं विमान वरच्याला चिकटलं, मधे नळी जोडली गेली, सीगल पुढं सरसावला आणि लाईट गेली. आली तेव्हा उजाडलं होतं आणि व्हीसीआरवाला हातगाडी घेऊन दारात उभा होता. पुढची स्टोरी मला वर्गातल्या एका मित्रानं सांगितली: सीगल एकटा आत घुसतो, एकेकाची मान मोडतो आणि विमान वाचवतो. हीच स्टोरी पुढं मी हातवारे करून किमान पन्नास जणांना सांगितली असेल. लग्नाच्या पंगतीत सांगितली, ऑफिसात सांगितली. रविवारी दुपारी डीव्हीडी लावायच्या आधी मामांनाही सांगितली. इथं चूक झाली.

मामांच्या डोळ्यांत शनिवारी औषध घालून तपासणी झाली होती. डॉक्टरांनी काळा गॉगल दिला होता आणि दोन दिवस टीव्ही बघू नका म्हणून बजावलं होतं. मामा म्हणाले, "मी बघतोय कुठं, मी नुसता ऐकतोय," आणि गॉगल लावून टीव्हीपासून तीन फुटांवर मांडी घालून बसले. स्वयंपाकघरातनं बायको ओरडली, "मी भाकऱ्या थापतो, तुम्ही मामांस्नी एकटं सोडू नका." मटण शिजत होतं. पांढऱ्या रश्शाचा वास सुटला होता. इथपर्यंत रविवार चांगला होता.

सीगल आला. मी बोट दाखवलं. "हाच तो."

"गडी दांडगा हाय," मामा म्हणाले. "आन् ह्यो कोटवाला कोण? बँकेतला दिसतोय."

तो कर्ट रसेल. पिक्चरमध्ये तो गुप्तवार्ता खात्यात कागदपत्रं वाचणारा माणूस असतो, पार्टीतनं उचलून आणतात म्हणून अंगावर पार्टीचा कोट. मी म्हणालो, "हा ऑफिसात बसतो. माहिती पुरवतो."

"क्लार्क," मामांनी निकाल दिला.

मग ती नळी आली. माझ्या अंगावर काटा आला, इतक्या वर्षांनी लाईट न जाता पुढचं दिसणार होतं. कमांडो एकेक करून वर चढले, नळी फाटायला लागली, वरचं झाकण बंद झालं नाही तर अख्खं विमान जाणार. तेव्हा सीगलनं खालच्या खाली झाकण ओढून घेतलं आणि नळीसकट आभाळात गेला.

पिक्चर सुरू होऊन पाऊण तासही झाला नव्हता. सीगलचा पाय विमानाला लागलाच नाही.

खोलीत कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नव्हता.

"पाव्हणं," मामा म्हणाले, "कोण पडलं?"

"तो... तोच पडला."

"कोण त्योच?"

"हिरो."

मामांनी गॉगल वर केला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा खाली केला. "येतोय बगा त्यो."

"मामा, बिनपॅराशूटचा पडलाय. हजारो फुटांवरनं."

"म्हणूनच. एवढ्या वरनं पडलाय म्हणजे यायला येळ लागणार."

यानंतर मामांनी पिक्चर बघितला नाही. त्यांनी सीगलची वाट बघितली. बाहुल्या मोठ्या झालेल्या, त्यावर काळा गॉगल, त्यामुळं पडद्यावर काळ्या कपड्यांतला कुठलाही रुंद माणूस हलला की मांडी सावरून विचारायचे, "आला काय?" विमानाची खिडकी दिसली की, "भाईर बगा, लोंबकळतोय काय." बॉम्ब निकामी करणारा तज्ज्ञ मणक्याला मार बसून आडवा पडला आणि पडल्या पडल्या इंजिनिअरला तारा कुठल्या तोडायच्या ते सांगू लागला, तर मामा म्हणाले, "ह्याला झोपवून ठेवलाय. त्यो आला की उठंल." हवाई सुंदरी झालेली हॅली बेरी जीव मुठीत धरून कमांडोंना मदत करत होती. "कंडक्टरीण चांगली हाय," एवढं एक वाक्य तिच्या वाट्याला आलं.

मी शेवटी जरा आवाज चढवूनच म्हणालो, "मामा, तो मेला. पिक्चरमध्ये हिरोसुद्धा मरतो कधी कधी."

"मरतो की. पण शेवटी मरतो." मामांनी खासबागेच्या दिशेनं हात केला. मैदान आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. "तिथं पोरंटोरं आधी लढत्यात. एक नंबरची कुस्ती दिवं लागल्यावर. फोटो कुणाचा छापलाय तुमच्या डब्यावर?"

डब्यावर सीगल होता. रसेलच्या बरोबरीनं.

"फोटो एक नंबरच्या पैलवानाचा, आन् कुस्ती लावली सकाळी धाला? पाव्हणं, तुमाला मापात मारलंय." मामांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या काट्यावर गेली. माप हा विषय निघाला की त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

खरं म्हणजे या गावाला पडद्यावरचा मृत्यू पहिल्यापासूनच अंगाला लागतो. बाबूराव पेंटरांनी इथंच 'सैरंध्री' काढला, १९२० साली. त्यात भीमानं उडवलेलं कीचकाचं मुंडकं इतकं हुबेहूब होतं की प्रेक्षक बेशुद्ध पडले आणि तो प्रसंग कापावा लागला. पण तिथं निदान मेलेला माणूस मेला हे लोकांनी मानलं तरी. आणि तो व्हिलन होता.

बायको दोनदा बोलावून गेली. तांबड्यावर तवंग धरायला लागला. मामा म्हणाले, "त्यो आल्याबिगर जेवत न्हाई." पाहुणा जेवत नाही म्हणून मी जेवलो नाही, मी जेवलो नाही म्हणून पोरगा माझ्याकडं रागानं बघत बसला.

आणि तिकडं पडद्यावर काय चाललं होतं? दोन्ही पायलट मेलेले, आणि तो कोटवाला, ज्यानं फक्त छोट्या विमानाची शिकवणी घेतलेली, तो पुस्तिका उघडून, चाचपडत, चारशेच्या वर माणसं भरलेलं जम्बो खाली आणत होता. माझी मूठ वळली होती. विमान घासत, ठिणग्या उडवत एकदाचं थांबलं. मी टाळी वाजवली. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले.

"कुणी उतरवलं?" मामा.

"त्या कोटवाल्यानं."

"क्लार्कनं?" मामा हसायलाच लागले. "काय बी दाखवत्यात."

आता हे मला का लागलं ते सांगतो. मी एका कॉलेजच्या ऑफिसात सीनियर क्लार्क आहे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा या मामांनी मिलिटरीतलं एक स्थळ आणलं होतं आणि माझ्याबद्दल बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पोरगं बरं हाय, पण क्लार्क हाय." ते 'पण' मी अजून विसरलेलो नाही. कॉलेजात दर्जा तपासायला नॅकची समिती येते तेव्हा रात्री अकरापर्यंत फायली लावायला मी असतो, आणि स्टेजवर शाल घ्यायला डब्यावर फोटो असलेले असतात. गेल्या खेपेला त्या शालीची पावती फाईलला मी लावली. नारळाचीही. जाऊ दे. पिक्चरचं चाललं होतं.

नावांची यादी वर सरकायला लागली तरी मामा उठेनात. पडदा काळा झाल्यावर म्हणाले, "पुसून लावा. धूळ असंल. मधला तुकडा उडालाय." मी बनियननं डीव्हीडी पुसली. लावली. पुन्हा पडला. साडेतीन वाजता आम्ही गार रस्सा जेवलो.

तर सोमवारी चहा अर्धा टाकून मी घरी आलो आणि मामांना काही बोलायचं ठरवलं होतं. बोललो नाही. त्यांची पिशवी घेतली आणि कागलच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेलो. खिडकीची जागा धरून दिली. मामांनी तिकिटाचे सुट्टे पैसे मोजून तळहातावर ठेवले, मग खिडकीतनं डोकं बाहेर काढलं.

"पाव्हणं, इमान उतरवलं त्या क्लार्कनं. मग पगार वाढला काय वो त्याचा?"

मी जरा थांबलो. "ते दाखवलं नाही, मामा."

"बगा. निम्मीच हाय सीडी," असं म्हणून मामांनी गॉगल चढवला आणि गाडी हलली.