शाफ्टच्या गाडीतील थरथर: आपल्या एकतारांकित अभिप्रायास वर्कशॉपचे उत्तर

आदरणीय ग्राहक महोदय,

ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या वेगात येणाऱ्या थरथरीसाठी आपणांस गाडी तीन वेळा आणावी लागली, दोनदा चुकीच्या कामाचे पैसे भरावे लागले, आणि शाफ्ट (मोटरसायकलचे मागचे चाक साखळीऐवजी फिरवणारा दांडा) बदलल्यानंतरही डबल स्टँडवर मागचे चाक फिरवले असता गाडी हलतेच, म्हणजे दोष गेलेला नाही, असे आपण लिहिले आहे. यातील पहिले दोन मुद्दे मला मान्य आहेत. तिसरा मान्य नाही, आणि त्याचे कारण सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या खेपेस मागच्या चाकावरील बॅलन्सिंगचे एक वजन गळून पडलेले आढळले. ते बसवल्यावर हँडलपर्यंत येणारा हेलकावा खरोखरच कमी झाला आणि आमच्या कारागिराने तपास तिथेच थांबवला. एक दोष सापडला म्हणजे दुसरा नसेलच असे मानण्याची ही चूक आमच्या धंद्यात फार जुनी आहे, पण जुनी असल्याने ती क्षम्य ठरत नाही. दुसऱ्या खेपेस ‘आता फूटरेस्टमध्ये बारीक झिणझिण्या येतात’ असे आपण स्पष्ट सांगितले होते, तरीही गाडी रस्त्यावर न चालवताच आम्ही थ्रॉटल बॉडींचा (इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणाऱ्या भागांचा) मेळ साधून ती परत केली. या दोन्ही खेपांची मजुरी आम्ही आपणांस परत करत आहोत.

जी चाचणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती, ती तिसऱ्या खेपेस मी स्वतः केली. ताशी ९० चा वेग कायम ठेवून गाडी चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या गिअरमध्ये चालवली. इंजिनाचे फेरे प्रत्येक वेळी बदलले, थरथर मात्र त्याच वेगाला आणि तशीच राहिली. नंतर क्लच दाबून इंजिन आयडलवर आणले, तेव्हा ती थोडी मंदावली, पण गेली नाही. म्हणजे इंजिनाचा संबंध संपला. दोष गिअरबॉक्सच्या पुढे, शाफ्ट, फायनल ड्राइव्ह (शाफ्टची गती चाकाला देणारी मागची दातेरी पेटी) किंवा चाक यांपैकी कशात तरी होता. चाकाचा परीघ साधारण २ मीटर असल्याने त्या वेगाला ते सेकंदाला साडेबारा फेरे घेते, आणि चाकाचा दोष त्याच संथ तालात जाणवतो. आपल्या गाडीत शाफ्ट चाकाच्या पावणेतीन पट फिरतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४ फेरे. फूटरेस्टवर मोजलेले कंपन सेकंदाला ७० च्या आसपास, म्हणजे शाफ्टच्या गतीच्या दुप्पट भरले. फेऱ्यामागे दोन झटके ही युनिव्हर्सल जॉइंटची, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या सांध्याची, ओळख आहे. शाफ्ट काढल्यावर जॉइंटचा क्रॉस (मधला अधिक चिन्हाच्या आकाराचा तुकडा) एका दिशेला मोकळा, तर दुसऱ्या दिशेला सरळ रेषेपाशीच अडकत होता. त्या बाजूच्या सुई-बेअरिंगने कपात खाचा पाडल्या होत्या. नुसता क्रॉस का बदलला नाही, असेही आपण विचारले आहे. आपल्या गाडीत तो ठोकून कायमचा बसवलेला असतो आणि सुटा मिळत नाही, म्हणून पूर्ण शाफ्ट बदलावा लागला. काढलेला जुना शाफ्ट आम्ही जपून ठेवला आहे. तो हातात घेऊन वाकवून पाहिलात, तर माझ्या शब्दांची गरज उरणार नाही.

आता डबल स्टँडविषयी. असा जॉइंट कोनात फिरू लागला की एकसारखी गती घेऊनही पुढे एकसारखी देत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित पुढे धावतो आणि दोनदा मागे पडतो. हा चढउतार ५ अंशांच्या कोनाला जेमतेम ०.४ टक्के असतो, १५ अंशांना तो सुमारे साडेतीन टक्क्यांवर जातो. दोन जॉइंट असलेल्या गाड्यांत एकाचा चढउतार दुसरा खोडून काढतो, पण आपल्या गाडीत जॉइंट एकच आहे. स्वार बसलेला असताना स्विंगआर्म वर उचललेला असतो आणि कोन लहान राहतो. स्टँडवर चाक अधांतरी असल्याने स्विंगआर्म पूर्ण खाली लोंबकळतो आणि कोन वाढतो. त्यातच चाकावर भार नसल्यामुळे दात्यांमधील मोकळीक दोन्ही बाजूंना आपटत राहते. म्हणून नव्या शाफ्टची निर्दोष गाडीसुद्धा स्टँडवर गिअरमध्ये हलताना दिसते. हे गाडी देतानाच आम्ही सांगायला हवे होते. स्टँडवर पाहण्याजोगी गोष्ट वेगळीच असते: इंजिन बंद ठेवून चाक वर-खाली आणि आडवे धरून हलवणे, म्हणजे बेअरिंगचा खेळ हाताला कळतो. आपल्या चाकात तो नव्हता.

आपल्या सोयीच्या दिवशी गाडी घेऊन यावे. त्याच वेगाला, त्याच तीन गिअरांत आपण स्वतः चालवावी आणि मी मागे बसेन. थरथर आढळल्यास पुढील तपास आमच्या खर्चाने होईल.

एक शंका मात्र माझ्या मनात शिल्लक आहे. पहिल्या खेपेपूर्वी आपण फायनल ड्राइव्हचे तेल घरीच बदलले होते, त्यामुळे आतील झीज दाखवणारा धातूचा चुरा त्या तेलाबरोबरच निघून गेला. अडकणाऱ्या जॉइंटने पिनियनच्या (फायनल ड्राइव्हमधील लहान दातेरी चाकाच्या) बेअरिंगला धक्के दिलेले असू शकतात. तेव्हा १००० किलोमीटर होईपर्यंत हे तेल कृपया बदलू नये. त्यानंतर आमच्याकडे यावे, म्हणजे निचऱ्याच्या चुंबकी बोल्टवर नुसती राखाडी पेस्ट (साधी झीज) आहे की धातूचे कण (नुकसानीची खूण) आहेत, हे आपल्यासमोरच पाहता येईल.

आपला नम्र,
वर्कशॉपचा मालक