उचलीच्या बाँडवरची मनाई: एका मुकादमांना उत्तर

नमस्कार भाऊ,

उचलीच्या, म्हणजे ऊसतोड मजुराला हंगामाआधी दिलेल्या आगाऊ रकमेच्या, बाँडवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही मजुरांची टोळी जमवणारे मुकादम म्हणून रागाने पण मुद्देसूद लिहिलंत. तुमचं म्हणणं असं: मजुराने खुशीने अंगठा दिला, दोन साक्षीदार होते, 'हंगाम संपेपर्यंत काम सोडण्यास व दुसऱ्या मुकादमाकडे जाण्यास मनाई' असं कागदावर स्पष्ट होतं. ती मोडली म्हणजे गुन्हाच, आणि मी उचल बुडवणाऱ्यांची पाठराखण करतो.

तुमचा पैसा अडकलाय, याची मला जाणीव आहे. उचल तुमच्या सहीवर येते. टोळी निघून गेली की तगादा तुमच्याच दारात. पण बीड-धाराशिवकडचे बाँड वाचताना दोन प्रकारच्या मनाईंचा नेमका हाच गोंधळ दिसतो. कायद्याने केलेली मनाई मोडली तर शिक्षा होते. करारात दोघांनी घातलेली मनाई मोडली तर फार तर नुकसानभरपाई मागता येते, तीही दिवाणी कोर्टात. उचल घेतानाच बुडवायचा इरादा होता हे सिद्ध झालं तर फसवणूक. नुसतं काम अर्ध्यात सोडणं म्हणजे फसवणूक नव्हे.

तुम्ही म्हणता तसा कायदा एके काळी होता. आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कारागीर-मजुराला तुरुंगात धाडणारा कायदा इंग्रजांनी १८५९ मध्ये केला आणि १९२५ मध्ये त्यांनीच तो रद्द केला. शंभर वर्षं झाली त्याला. तरी आजही बाँड दाखवून 'पोलिसात देतो' म्हणतात आणि माणूस घाबरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आता खुशीच्या सहीबद्दल. करार कायदा, १८७२ चं कलम २३ सांगतं की ज्याचा उद्देश कायद्याने निषिद्ध आहे किंवा ज्यामुळे एखाद्या कायद्याचा हेतूच हाणून पाडला जातो, तो करार रद्दबातल. तिथे साक्षीदार कितीही असोत. वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, १९७६ नुसार उचलीच्या बदल्यात ठरावीक काळ दुसरीकडे काम करण्याचं किंवा कुठेही जाण्यायेण्याचं स्वातंत्र्य सोडल्याचं लिहून घेणं हीच वेठबिगारी. तुमच्या बाँडमधली ती ओळ पुन्हा वाचा. असं ठरलं तर कामाचं बंधन सुटतंच, कर्जही संपतं. हे कर्ज तसलं नाही, हे सिद्ध करण्याचा भारही पैसे देणाऱ्यावर. जबरदस्तीने काम करून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून उचल देणंच बेकायदा, असं मात्र मी म्हटलेलं नाही. उचल द्या, ती मजुरीतून ठरलेल्या दराने वळती करा, बाकी राहिली तर दावा लावा. तोडणीचा हिशेब पावतीवर लिहा, आणि नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, म्हणजे कामाचं एकच एकक, धरलात तरी दोघांच्या कामाची नोंद त्यात हवी.

खाड्याचं, म्हणजे गैरहजेरीबद्दलच्या कपातीचं, तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. बाई आजारी पडली, कोयता एक दिवस बंद राहिला, की दिवसाच्या मजुरीपेक्षाही जास्त रक्कम कापतात. करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते. तो आकडा म्हणजे कमाल मर्यादा. रोजापेक्षा जास्त खाडा वाजवी कसा, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

येत्या हंगामाच्या बाँडचा मसुदा नावं खोडून पाठवा. कोणती कलमं टिकतील आणि कोणती काढावी लागतील, ते ओळीओळीने लिहून देतो.