पाय तर सुजतातच की!

ताई, गरोदर बायकांच्या क्लासवरचा माझा लेख वाचून तुम्ही विचारलंय, "आमच्या आयांनी कुठला क्लास केला होता? क्लासला जाणाऱ्या बायकांची बाळंतपणातली गुंतागुंत कमी होते, हे कशावरून लिहिलंत?" दुसऱ्या प्रश्नात तुमचंच बरोबर आहे. ते वाक्य मी तसं लिहायला नको होतं.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या क्लासला कोण यायच्या? सोनोग्राफीची तारीख न चुकवणाऱ्या, नवरा गाडीवरून सोडायला येणाऱ्या. क्लास नसता तरी त्यांची तपासणी झालीच असती. लांब डोंगरातल्या गगनबावड्याच्या वाडीवरून कोण येणार? शिवाय जिला सहाव्यातच डॉक्टर घराबाहेर पडू नको म्हणतात, तिचा क्लास आपोआप सुटतो. मागे उरतात त्या धडधाकट, आणि श्रेय मिळतं क्लासला. गरोदरपणातला बीपीचा आजार तर वारेपासून (प्लासेंटापासून) सुरू होतो, तो श्वासाच्या व्यायामानं टळत नाही.

पण क्लास फुकट जातो, हे मला मान्य नाही. सातव्यात डोहाळजेवणाला भरलेल्या हिरव्या बांगड्या आठव्यात माझ्या मनगटात रुतायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "पोटुशीचं हात-पाय सुजत्यातच की!" मलाही पटलं. एका रात्री डोकं ठणकायला लागलं, ते थांबेना. ट्यूबलाइटकडं बघितलं की डोळ्यांपुढं ठिपके नाचायचे. तेव्हा क्लासमधल्या सिस्टरांचे शब्द आठवले: तोंड-हात अचानक सुजले, डोकं दुखायचं थांबेना, अंधारी आली, बरगडीखाली दुखलं, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री एकला दवाखान्यात निघालो. बीपी १४०/९० झालं की लगेच सावध व्हायचं असतं, माझं १६०/११० होतं आणि लघवीत प्रोटीन. सासूबाईंनीच साबण लावून एकेक बांगडी काढली, शेवटची मात्र वाढवावी लागली. लेक पस्तिसाव्या आठवड्यात झाली. आज ती धावते.

आजार क्लासनं टळला नाही. ती रात्र मात्र वाया गेली नाही.

आणि एवढं कळायला फी भरायलाच पाहिजे असं नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, २०१६ पासून. आशाताईंना विचारा, त्या सांगतील कुठं जायचं. बीपी मोजलं की आकडा विचारून घ्या आणि कार्डावर लिहिलाय का, ते बघूनच उठा.

माझ्या लेखातलं ते वाक्य काढलंय. त्या जागी सिस्टरांनी सांगितलेली लक्षणं लिहिली आहेत.