सोमवारची भिंत

रविवारी संध्याकाळी स्वयंसेवकांची बस वळणाआड गेली, की मिस्त्री खिशातून ओळंबा काढतात, म्हणजे भिंत उभी सरळ आहे का ते दाखवणारं, दोरीला टांगलेलं वजन. मागच्या काचेतून हलणारे हात दिसेनासे होईपर्यंत थांबायचं, एवढा आमच्यात अलिखित करार आहे. मग ते दिवसभरात उभ्या राहिलेल्या भिंतीला ओळंबा लावतात, एक डोळा मिटतात आणि दोरी स्थिर झाली की न बोलता माझ्याकडे बघतात. या बघण्याचे तीन प्रकार आहेत. नुसतं बघितलं, तर वरचा एक थर काढायचा. बघून उसासा सोडला, तर चार. आणि बघून चक्क हसले, तर जोत्याच्या वर जे जे काही आहे ते सगळं.

उतरवायचं ते त्याच संध्याकाळी. सकाळपर्यंत विटांमधला सिमेंट-वाळूचा माल धरतो, मग विटा सुटताना तुटतात. म्हणजे 'आज आपण एका कुटुंबाला भिंत दिली' असं म्हणत मंडळी बसमध्ये एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेली असतात, नेमकी त्याच वेळी त्यांची भिंत पुन्हा ढिगात जात असते. सोमवारी ती परत उभी राहते. सरळ. मंगळवारी मी तिचा फोटो ग्रुपवर टाकते आणि खाली लिहिते, 'तुमची भिंत!' त्या शेवटच्या उद्गारचिन्हासाठी मला वेगळा भत्ता मिळायला हवा.

मी गरजू कुटुंबांना घरं बांधून देणाऱ्या एका संस्थेत स्वयंसेवकांची व्यवस्था बघते. सोप्या भाषेत सांगायचं, तर ज्यांना बांधकाम येत नाही त्यांना, ज्यांना येतं त्यांच्या मनाविरुद्ध, ज्यांना घर हवंय त्यांच्या दारात नेऊन सोडायचं. तेही दार अजून बसलेलं नसताना.

आमच्या नोंदणीच्या फॉर्मवर 'आपल्याकडे कोणती कौशल्ये आहेत?' असा एक रकाना आहे. तो कोणी घातला माहीत नाही, पण ज्याने घातला त्याने घमेलं कधी उचललं नसावं. एकदा चाळीस जणांची तुकडी यायची होती, म्हणून मी ते फॉर्म मिस्त्रींना वाचून दाखवले. सव्वीस जणांनी लिहिलं होतं 'नेतृत्व'. नऊ जणांनी 'संघभावना'. चौघांनी 'वेळेचं नियोजन', आणि हे चौघे नंतर दीड तास उशिरा आले. एकाने 'गिटार'. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, सगळे मुकादमच येणार? बिगारी कोण?" मग जरा विचार करून म्हणाले, "गिटारवाल्याला चाळणीवर घेऊ. हात चांगला हलत असेल." आणि खरंच, वाळू चाळावी तर त्या पोराने. तक्रारीला जागाच नाही असा हात दिवसभरात मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही.

स्वयंसेवकांना आळस ठाऊक नसतो, हीच तर पंचाईत आहे. आळशी माणूस निदान काही बिघडवत नाही. हौदातल्या विटांचंच घ्या. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते, सिमेंटला धरायला पाणीच उरत नाही आणि सांधा भुसभुशीत राहतो. म्हणून वीट आधी पोटभर पाणी पिते, मग कामाला लागते. हे मला माहीत, मिस्त्रींना माहीत. त्या रविवारी आलेल्या एका अतिशय मायाळू मावशींना माहीत नव्हतं. कोणीतरी निष्काळजीपणे विटा पाण्यात पाडल्यात असं वाटून त्यांनी जवळपास तीनशे विटा एकेक करून बाहेर काढल्या, फडक्याने पुसल्या आणि उन्हात वाळत घातल्या. ओळीने. मधून हवा खेळेल एवढं अंतर सोडून.

"कोणाचं म्हणून लक्ष नाही इथे," त्या मला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काळजी होती. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मिस्त्री आले. त्यांनी वाळत्या विटांकडे पाहिलं, मावशींच्या कोपरापर्यंत भिजलेल्या बाह्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "फार चांगलं केलंत. आता फक्त एकदा धुऊन घेऊ." मावशींना ते पटलं. तीनशे विटा त्यांनी स्वतःच्या हाताने परत हौदात सोडल्या. त्या दिवशी मला कळलं, की आमच्या संस्थेत समन्वयाचं खरं काम कोण करतं.

शिकलेल्यांची गोष्ट आणखी निराळी. समपातळी काढायला आमच्याकडे लेव्हल पाईप असतो. साधी पारदर्शक नळी, पाण्याने भरलेली. एक टोक इकडच्या कोपऱ्यावर, एक तिकडच्या, दोन्हीकडचं पाणी जिथे थांबेल तिथे खूण करायची. मध्ये बुडबुडा नको आणि दोन्ही तोंडं उघडी हवीत, एवढीच अट. एकदा एका टोकाला मिस्त्री आणि दुसऱ्या टोकाला, पाणी सांडू नये म्हणून नळीच्या तोंडात अंगठा घट्ट खुपसून उभा असलेला तरुण इंजिनियर.

"दादा, अंगठा काढा."

"पाणी सांडेल."

"सांडू द्या."

"वाया जाईल ना पण."

अंगठा निघेपर्यंत पर्यावरणावर दहा मिनिटं गेली. निघाल्यावर पाणी हललं, खूण झाली, पण दादांचं समाधान होईना. त्यांनी मोबाईल काढला, त्यातलं पातळी मोजायचं अॅप उघडलं, फोन जोत्यावर ठेवला आणि जाहीर केलं, "एक अंश उतार आहे. डावीकडे." सगळी तुकडी मिस्त्रींकडे बघायला लागली. मिस्त्रींनी फोन उचलला, त्याचं डोकं तिकडून इकडे फिरवलं आणि त्याच जागेवर पुन्हा ठेवला. एक अंश उतार. उजवीकडे. फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचं टेंगूळ होतं. मिस्त्रींनी फोन विजारीला पुसून दादांच्या हातात दिला आणि तीन-चार-पाचच्या गाठींची दोरी घेऊन कोपरा काटकोनात आहे का ते बघायला निघून गेले. दादा मागोमाग, "हे तर पायथागोरस!" असं ओरडत. मिस्त्रींना वाटलं, कोणाला तरी हाक मारतायत. त्यांनीही इकडेतिकडे पाहिलं.

सगळ्यांचं आवडतं काम म्हणजे साखळी. पन्नास माणसं ओळीत उभी करायची आणि विटा या हातातून त्या हातात. शिकवायला लागत नाही, फोटो झकास येतो, गाणी म्हणता येतात. वीट तीन किलोच्या आसपास असते, पण दोनशेवी वीट हातात येते तेव्हा तिचं वजन वाढलेलं असतं. एका घराच्या वेळी पहिल्या तुकडीने दोन हजार विटा पुढून मागे नेऊन रचल्या. दोन दिवसांनी लक्षात आलं, की तिथेच शोषखड्डा खणायचाय. मग पुढच्या रविवारच्या तुकडीने त्या मागून पुढे आणल्या. दोन्ही तुकड्यांच्या फलकावर 'घर उभारणीत आमचा वाटा' असंच लिहिलेलं होतं आणि दोन्ही वेळा मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या खेपेला एका मुलीने विचारलं, "या विटांच्या कडा इतक्या गोल कशा?" मी म्हटलं, "हात फिरलाय त्यांच्यावरून."

"पण एवढा वेळ का लागतो?" हा प्रश्न तर प्रत्येक तुकडीत ठरलेला. एका गृहस्थांनी पुरावाच दाखवला: 2002 साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात स्वयंसेवकांनी साडेतीन तासांच्या आत अख्खं घर उभं केलं होतं. गोष्ट खरी आहे. पण ते लाकडी घर. लाकडात खिळा ठोकला की तो त्या क्षणापासून कामाला लागतो. सिमेंट सरकारी थाटाचं आहे, घाई केली की बिघडतं. काँक्रीटची ताकद मोजायची ती 28 दिवसांनी, आणि त्यातले पहिले सात दिवस तरी त्याला सतत ओलं ठेवावं लागतं. "मग त्या सात दिवसांत येता का, पाणी मारायला?" असं मी त्यांना विचारलं. ते हसले. मी ग्रुपवर रीतसर आवाहनही केलं. भिंत रंगवायला जागा उरत नाही इतके हात वर होतात, पण पाणी मारायला? अकरा अंगठे आले, माणूस एकही नाही. एकाने विचारलं, "ऑनलाइन काही मदत करता येईल का?"

हाताला फोड आले की कुरकुर सुरू होते. त्यावर माझ्याकडे बरीच वर्षं एक रामबाण उपाय होता. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर 1984 पासून हातात हातोडा घेऊन गरजूंना घरं बांधून देणाऱ्या 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेच्या घरांवर काम करत. 2019 साली, वयाच्या 95व्या वर्षी, घरात पडून त्यांच्या कपाळाला 14 टाके पडले, डोळा काळानिळा झाला. तरी हा माणूस नॅशव्हिलच्या कामावर हजर. हे सांगितलं की फोड आपोआप बरे व्हायचे. मग एके दिवशी मागून आवाज आला, "मॅडम, त्यांना सोमवारी ऑफिस नव्हतं." तेव्हापासून मी ती गोष्ट आवरती घेतली आहे आणि सोबत मलम ठेवते.

आता वहिनींचं सांगायला हवं. ज्या घराचं हे सगळं चाललं होतं, त्या घरच्या. 1976 साली मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने हॅबिटॅट सुरू केली. ज्यांचं घर त्यांनीही घाम गाळायचा, हा तिथला नियम, आणि तो पुढे आमच्यासारख्या अनेकांनी उचलला. आमच्याकडे त्यासाठी तासांची वही असते. वहिनींचे तास मी भरायचे आणि खाली सही घ्यायची. पण रविवारी वहिनींनी नुसतं फावड्याला हात लावला, तरी चार जण धावत यायचे. "अहो, तुम्ही बसा! आम्ही आहोत ना!" त्यांना सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायचे. समोर आपलं घर तिरकं होत चाललंय आणि आपण कौतुकाने बघत बसायचंय, असा दिवसभराचा कार्यक्रम. वहिनी मधूनच माझ्याकडे बघायच्या. मी दुसरीकडे बघायचे.

त्यामुळे त्यांचे तास भरायचे ते रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी. भिंत उतरवायची, विटांना चिकटलेला माल थापीच्या कडेने खरवडायचा, नवा माल कालवायचा आणि मिस्त्रींच्या हाताखाली पुन्हा थर लावायचे. वहीत या कामाला काय म्हणायचं, हा मोठाच प्रश्न होता. 'पाडकाम' लिहिलं तर वरून विचारणा झाली असती. मी 'किरकोळ दुरुस्ती' लिहीत गेले. घर पूर्ण झालं तेव्हा वहिनींच्या नावावर घर बांधल्याचे फारसे तास नव्हते. किरकोळ दुरुस्तीचे मात्र दोनशे दहा होते.

वर्षभराने एक जुना स्वयंसेवक आपल्या आईला घेऊन आला. 'मी बांधलेली भिंत' दाखवायला. माझ्या पोटात गोळा. पण वहिनींनी जराही न अडखळता त्याला आत नेलं आणि खिडकीच्या भिंतीवर हात ठेवला. "ही तुमची." त्याने भिंतीवरून हात फिरवला. आईला म्हणाला, "बघ, केसभर हलली नाहीये." त्याच्या आईनेही तळहात टेकवला. तेवढा वेळ मी छताकडे बघत होते, कारण त्या पोराचा चेहरा बघवत नव्हता आणि माझा दाखवण्यासारखा नव्हता. दोन महिन्यांनी दुसऱ्या तुकडीतली एक मुलगी आली. वहिनींनी तीच भिंत दाखवली. मग आणखी एक जोडपं. तीच.

न राहवून मी विचारलं, "वहिनी, खरी कोणाची हो ती?"

"ती होय?" वहिनी खिडकीच्या चौकटीवरची धूळ पुसत म्हणाल्या. "त्या सोमवारी मिस्त्री आलेच नव्हते. ताप होता त्यांना. मीच लावली. ओळंब्यासकट."

मिस्त्रींना हे मी सांगायला गेले, तर त्यांना आधीच माहीत होतं. तापातून उठल्यावर त्यांनी त्या भिंतीला ओळंबा लावून बघितला होता. काय दिसलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण पुढच्या घराच्या वेळी हाताखाली माणूस हवा होता तेव्हा त्यांनी परस्पर वहिनींना निरोप धाडला. आता वहिनी तिथे कामाला असतात, रीतसर मजुरीवर. रविवारी त्यांना कोणी खुर्चीवर बसवत नाही, कारण घर त्यांचं नाही. उलट 'नेतृत्व'वाल्यांना त्या हाताला धरून वाळूकडे नेतात.

परवाच्या रविवारी तुकडी अर्धीच आली. माल कालवून पडलेला, तो वाया जाऊ नये म्हणून मीही थापी उचलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. इतक्या भिंती पडताना पाहिल्या आहेत, तर कशा पडू नयेत हे मला कळायलाच हवं, असा माझा हिशेब. दोरी ताणली, विटा ठोकून बसवल्या, सांध्यावर सांधा येऊ न देता सांधेमोड सांभाळली, चार थर लावले. लांबून बघितलं. जवळून बघितलं. फोटोही काढला.

बस वळणाआड गेली. मिस्त्रींनी खिशातून ओळंबा काढला आणि वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी तो माझ्या चार थरांना लावला, एक डोळा मिटला, दोरी स्थिर होऊ दिली. मग माझ्याकडे बघितलं. आणि चक्क हसल्या.

मी घमेलं आणायला गेले.