पूर, ऊन आणि खबरदारीची गोळी

पंचगंगा इशारा पातळीकडे सरकू लागली की कोल्हापुरात तालमींपासून सोसायट्यांपर्यंत सगळ्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. ‘अँटिबायोटिक लागू पडत नाही हा डॉक्टर आणि औषध दुकानदारांचा घोळ, त्यात हवामान बदल घुसडू नका. ऊन वाढलं तर जंतू मरतातच. पूर ओसरला की घरातल्या सगळ्यांनी अ‍ॅझिथ्रोमायसिनचा कोर्स करून टाका.’

घोळ आहेच. गरज नसताना, चिठ्ठीशिवाय घेतलेल्या गोळ्या हे मोठं कारण आहे. पण म्हणून दुसरं कारण खोटं ठरत नाही. कॅनडातले संसर्गरोगतज्ज्ञ डेरेक मॅकफॅडन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ४१ राज्यांची आकडेवारी मांडली. तापमान १० अंशांनी जास्त, तिथं इ. कोलाय या जंतूची औषधांना दाद न देण्याची क्षमता ४.२ टक्क्यांनी जास्त दिसली. औषधांचा वापर आणि लोकसंख्येची घनता हिशेबात धरूनही. एवढ्यावरून ऊनच कारण, असं सिद्ध होत नाही. पण ‘संबंधच नाही’ असं ठोकून देण्याला मात्र आधार उरत नाही.

उन्हानं जंतू मरतात? आतड्यातला इ. कोलाय सगळ्यात जोमानं वाढतो तो ३७ अंशांच्या आसपास. आपला एप्रिल त्याला मानवतोच. पाणी खळखळून उकळलं तर तो मरतो, ही गोष्ट वेगळी.

पुराचं तर डोळ्यांनी पाहिलंय. २०१९ आणि २०२१ साली नदी आणि जयंती नाला एक झाले, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत तेच पाणी घरात. सांडपाण्यात माणसांच्या पोटातले जंतू असतात आणि लघवीवाटे गेलेली औषधंही. तिथं जंतू प्रतिकाराची, म्हणजे औषधांना दाद न देण्याची, जनुकं एकमेकांना देतात, आणि पूर ते सगळं विहिरी-बोअरपर्यंत पोचवतो.

राहिला ‘सगळ्यांनी कोर्स’. याची मला खरी काळजी वाटते. पुरानंतरची कावीळ आणि डेंग्यू विषाणूंचे आजार, त्यांवर ही गोळी काहीच करत नाही. जुलाबात आधी ओआरएस. लेप्टोसाठी, म्हणजे उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातून होणाऱ्या जंतूंच्या तापासाठी, डॉक्टर देतात ती बहुधा डॉक्सिसायक्लिन ही वेगळी अँटिबायोटिक, तीही कोण किती वेळ पाण्यात होतं, पायाला जखम आहे का, बाई गरोदर आहे का हे विचारून. प्रयाग चिखलीत गोठ्यातला चिखल उपसणाऱ्याला ती लागेल. राजारामपुरीत पुराच्या पाण्यात पाऊलही न टाकलेल्या आजीला नाही.