जुन्या स्विफ्टवरचा खर्च: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

माझ्या जुन्या स्विफ्टवर केलेल्या कामाच्या लेखावर तुम्ही वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. तुमचे आक्षेप असे: 2007 च्या स्विफ्टच्या सस्पेन्शनवर (चाकं आणि सांगाडा यांच्यामधले स्प्रिंग, शॉकअप वगैरे) आणि स्ट्रट बारवर (सांगाड्याच्या दोन बाजू जोडणारी ताठ पट्टी) चाळीस हजार घालणं हा पोरखेळ आहे, नाशिकच्या खड्ड्यांत गाडी मऊ हवी, ती कडक करून कंबर का मोडून घ्यायची, असल्या पट्ट्या बेकायदा आणि अपघातात धोक्याच्या, आणि हे वाचून पोरं घाटात गाड्या पळवतील. शेवटचा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा लांब उत्तर देतोय.

आधी मऊ-कडकचं बघू. सांगाडा ताठ असणं वेगळं आणि स्प्रिंग कडक असणं वेगळं. अंबड लिंक रोडला पावसाळ्यात चाक खड्ड्यात आपटतं तेव्हा तो दणका स्प्रिंगने घ्यायचा असतो आणि त्यानंतरची उसळी शॉकअपने मारायची असते. पण शॉकअपचं वरचं टोक ज्या टॉवरला, म्हणजे बॉनेटखालच्या पत्र्याच्या उंचवट्याला, बांधलंय तो टॉवरच हलत असेल, तर त्या हालचालीतला काही भाग पत्रा वाकण्यात जातो. पत्र्याची थरथर मारायला शॉकअप नसतो. मग डॅशबोर्ड कुरकुरतो, दरवाजे वाजतात, स्टिअरिंग हातात थरथरतं. सांगाडा जितका ताठ, तितकी मऊ स्प्रिंग चालते. माझ्या गाडीत स्प्रिंग नव्या घातल्या, पण मूळ मापाच्याच. मागे बसणाऱ्या आईला गाडी आधीपेक्षा आरामशीर वाटते, आणि माझ्यासाठी तीच खरी परीक्षा होती.

आता पट्ट्या. बॉनेटखालचा चकचकीत बार सगळ्यांना दिसतो, म्हणून चर्चा त्याचीच. वळणात चाकावर आडवा येणारा जोर मात्र मुख्यतः लोअर आर्मवर, म्हणजे चाकाला खालून सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यावर येतो. वरच्या टॉवरवर त्याचा थोडाच भाग, तोही उलट दिशेने. त्यामुळे लोअर आर्म जिथे बसतात त्या दोन बाजू खालून जोडणाऱ्या पट्टीचा फरक मला वरच्या बारपेक्षा जास्त जाणवला. वरचा घ्यायचाच असेल तर सलग घ्या. ज्याच्या दोन्ही टोकांना बोल्टवर फिरणारे सांधे असतात तो फक्त ताण आणि दाब घेतो, वाकण्याला विरोध करत नाही. आणि टॉवरच्या कडेला गंज धरला असेल, पत्र्याचे जोड सुटत असतील, तर कुठलाच बार लावू नका. आपल्याकडच्या कोरड्या हवेत हे कमी दिसतं, पण मुंबईहून आलेली सेकंडहँड गाडी असेल तर चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं लायनर काढून बघाच.

पण चाळीस हजार पट्ट्यांवर गेलेले नाहीत, काका. त्यातला सगळ्यात लहान वाटा पट्ट्यांचा. बाकीचे पैसे चार शॉकअप, स्प्रिंग, स्ट्रट माउंटिंग (शॉकअपचं वरचं टोक टॉवरला धरणारा रबरी भाग), लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरं), बॉल जॉइंट, लिंक रॉड (अँटी-रोल बारला जोडणारे छोटे दांडे) आणि टायर यांवर गेले. इतक्या वर्षांच्या गाडीत रबर मेलेलं असतं, आणि मेलेल्या रबरावर ताठ पट्टी लावून काही हाती लागत नाही. म्हणून लेखात बुश आधी आणि बार सगळ्यात शेवटी घेतलाय. टायरवर नक्षी शिल्लक असली तरी बाजूचा चार आकडी शिक्का वाचा. 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर ओल्या घाटात माझ्या गाडीला नको.

बुशबद्दल एक गोष्ट लेखात राहिली, ती इथे सांगतो, कारण बऱ्याच गॅरेजात ती होत नाही. लोअर आर्मच्या बुशचं रबर आतल्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर नळी त्याच स्थितीत पक्की होते. गाडी खाली आली की आर्म वर जातो आणि रबराला कायमचा पीळ बसतो. असा बुश लवकर फाटतो आणि दोष पार्टला दिला जातो. बोल्ट आधी हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, आणि मगच शेवटचं आवळायचं. पीटवर, म्हणजे गाडीखाली उभं राहायच्या खड्ड्यावर, हे सहज होतं. चांगला मिस्त्री सांगितल्याबद्दल रागावत नाही.

आता पोरांचं. त्यांची काळजी मलाही आहे. मोहदरी घाटात आणि वणीहून सापुताऱ्याकडे जाताना स्प्रिंग कापून खाली बसवलेल्या गाड्या दिसतात. कुणी हा लेख वाचून ते करणार असेल तर हात जोडून सांगतो, करू नका. वेढे कमी केले की स्प्रिंग कडक होते, शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशोबाचा राहतो, आणि गाडी उसळत राहते. चाक हवेत लोंबकळलं की आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटूही शकते. त्यात गाडी फार खाली आली की लोअर आर्मचा कोन बिघडतो. ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो वजनाच्या मध्यापेक्षाही जास्त खाली जातो आणि कलायला आणखी वाव मिळतो. दिसायला रेसची गाडी, वळणात मूळ गाडीपेक्षा वाईट.

जाड अँटी-रोल बारचंही तसंच (हा दांडा डावं-उजवं चाक जोडून वळणात गाडीचं कलणं कमी करतो). 22 मिलिमीटरचा भरीव बार 24 चा केला तर त्याचा ताठपणा जवळपास 42 टक्क्यांनी वाढतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. फक्त पुढचा जाड केला तर गाडी वळणात बाहेर ओढते. फक्त मागची बाजू ताठ केली तर कसाऱ्याच्या पावसात शेपूट सुटायची भीती. कारखान्याने जुळवलेलं हे प्रमाण मी बदललेलं नाही, तुम्हीही बदलू नका.

अपघाताबद्दलचा तुमचा मुद्दा मला पटतो. पुढच्या एका कोपऱ्याला जोरात मार बसला तर बारमुळे तो दुसऱ्या टॉवरपर्यंत पोचू शकतो आणि दुरुस्ती वाढते. ज्याला ही जोखीम नको त्याने फक्त रबर आणि शॉकअप बदलावेत. फायद्याचा मोठा भाग त्यातच आहे. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मूळ नोंदीशी न जुळणारे बदल करायला मनाई करतं. म्हणून सांगाड्याला कापणं, भोक पाडणं, वेल्डिंग करणं यांतलं काहीही मी केलेलं नाही. सगळं मूळ बोल्टच्या जागी आहे आणि तासाभरात निघतं. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला जाण्याआधी आरटीओत विचारून घ्या, आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

नव्या गाडीच्या हप्त्यांशी तुलना मी करणार नाही. ज्याला एअरबॅग हव्यात त्याने नवी गाडीच घ्यावी, एअरबॅगची जागा पट्टी कधीच घेणार नाही. माझं इंजिन निरोगी आहे, पत्रा साबूत आहे, आणि ही गाडी मला आवडते.

तुमच्या 2009 च्या गाडीत गतिरोधकावरून हळू जाताना पुढून ‘खट-खट’ येतं, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावरून शॉकअप बदलू नका. लिंक रॉड असतील तर मिस्त्रीला दोन्ही बाजूंचे काढायला सांगा, आणि गल्लीतच अगदी हळू एक चक्कर मारा. आवाज गेला तर दोष तिथेच, आणि तो पुढच्या सामानातला स्वस्त पार्ट आहे. नाही गेला तर रॉड परत लावून स्ट्रट माउंटिंग बघा: गाडी उभी असताना एकाने स्टिअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने वरच्या माउंटिंगवर हात ठेवायचा. तिथे झटका लागला तर मला कळवा, तुम्ही राहता त्या बाजूचा एक भरवशाचा मिस्त्री सुचवतो.